रजा मिळाली नाही

रोज सकाळी शारजातून निघताना कुंदाच्या गळ्यात काळ्या मण्यांची पोत असे, आणि जुमेरा लेक टॉवर्सला मेट्रोतून उतरताना गळा मोकळा असे. मेट्रोच्या बायकांच्या डब्यात बसायला जागा मिळाली की ती ओढणीआड हात घालून पोत काढायची, रुमालात गुंडाळायची आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकून चेन लावायची. संध्याकाळी परतताना पुन्हा गळ्यात. इतक्या वर्षांत हे कधी चुकलं नव्हतं. चुकलं ते एकदाच, आणि त्या एका चुकीनं काय काय झालं तेच सांगायचं आहे.

आधी पोत कशाला, ते ऐका. शारजात रोला चौकाजवळच्या एका जुन्या इमारतीत, मोठ्या फ्लॅटमध्ये पार्टिशन टाकून केलेली ती खोली. मालकाचा माणूस ती फक्त नवरा-बायकोला द्यायचा. कुंदाचा नवरा तर कधीच वारलेला. तिच्याबरोबर त्या खोलीत राहायचा तो वासुदेव, पाटणचा, एसी दुरुस्त करणारा, ज्याची लग्नाची बायको आणि दोन मुलं पाटणला होती. म्हणून शारजात पोत. आणि जुमेरा लेक टॉवर्सला स्मिताताईंच्या घरी ती स्वयंपाक करायची, तिथं सगळ्यांना ठाऊक की कुंदा विधवा आहे, साधी आहे, कंपनीच्या खोलीवर चार बायकांत राहते. म्हणून तिथं गळा मोकळा. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय.

आता तुम्ही नाक मुरडाल. मुरडा बापडे. पण नाक मुरडायच्या आधी हेही ऐकून घ्या, की संगमेश्वराकडच्या त्या बाईचा नवरा काविळीनं गेला तेव्हा तिची वैभवी अजून अंगावर पीत होती. सासरी दोन महिन्यांत तिचं ताट वेगळं झालं. भाऊ महादू, त्यानं पोरगी ठेवून घेतली, म्हणाला, तू कमव, मी वाढवतो. एजंटानं कुंदाला दुबईच्या एका सफाई कंपनीत घातलं. खोलीत दुमजली खाटा, वरच्या खाटेवर ही. पहिल्याच उन्हाळ्यात टायफॉइड झाला आणि सुपरवायझर म्हणाला, बरी झालीस तर बघू, नाहीतर तिकीट काढतो.

ती ज्या घरी झाडू-पोछाला जायची तिथं वासुदेव एसी बघायला यायचा. दोन-चारदा बोलणं झालेलं, गावाकडचं, पाऊसपाण्याचं. ती दिसेना म्हणून त्यानं चौकशी केली आणि डब्यातून पेज घेऊन आला. पाटणच्या गड्याला पेज करायची अक्कल कुठून असणार, भाताचा नुसता चिखल केला होता. कुंदा तो चिखल खाऊन रडली. नवरा गेल्यापासून तिच्यासाठी कुणी चूल पेटवली नव्हती हो. तिथून पुढं जे झालं ते झालं.

माणूस वाईट नव्हता. पगार दोन्हीकडे वाटायचा, हात उगारायचा नाही, दारूला शिवायचा नाही. पण धैर्य म्हणाल तर नावाला नाही. गेल्या वर्षी त्याच्या मुलीचं लग्न झालं पाटणला. त्याची बॅग कुंदानं भरली. मुलीसाठी मीना बाजारातून साडी कुंदानं निवडली, व्याह्यांसाठी अत्तराच्या बाटल्या, पोरांना चॉकलेटं, सगळं हिनं. तिकडून त्यानं फोटो पाठवले. डोक्याला फेटा, कपाळाला गंध, व्याह्यांच्या गळ्यात गळा. सगळ्या मांडवात त्याला एकानं विचारलं नाही, की बाबा रे, इतकी वर्षं तिकडे कुणाच्या हातचं जेवतोस? कुंदा ते फोटो मोठे करकरून बघायची आणि म्हणायची, फेटा जरा तिरका बांधलाय मेल्यांनी.

स्मिताताईंची मुलगी मिहिका. दुबईतच जन्मलेली, इंग्रजी शाळेच्या शेवटच्या वर्षात. पहिलीत होती तेव्हापासून कुंदाच्या हातचं खाऊन वाढलेली. आई एका मोठ्या कंपनीत मॅनेजर, बाप महिन्यातले पंधरा दिवस विमानात, तेव्हा शाळेतून आली की ही स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर येऊन बसायची आणि दिवसभराचं सगळं कुंदामावशीला सांगायची. कुंदा मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं नीट चालायचं.

त्या वर्षी मिहिकाला शाळेसाठी मोठा निबंध लिहायचा होता. विषय असा, की व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या इंग्रजी कवितांतल्या वाट चुकलेल्या बायका, आणि त्यात गरिबी-श्रीमंतीचा भाग किती. कुंदा कणीक मळायची आणि ही एकेक कविता सांगायची. एक गिरणीतली पोरगी. एक शेतावरची. एक शिवणकाम करणारी. कुणी बडा माणूस येतो, गोड बोलतो, आणि मग गाव थुंकतं. मिहिका म्हणायची, बड्या घरच्या बाईचं असं झालं तर तिला हवापालटाला परदेशी धाडायचे आणि गोष्ट दाबून टाकायचे. गरिबाच्या पोरीला पूल आणि खाली नदी.

कुंदानं हात थांबवून विचारलं, "आणि तो?"

"कोण तो?"

"ज्यानं फसवलं तो गं."

"ही जस्ट लीव्हज, मावशी. दुसऱ्या कडव्यानंतर तो कवितेतच नसतो."

"मग जेवतो कुठं?"

मिहिका आधी खूप हसली. मग तिनं ते वाक्य लॅपटॉपवर टाइप करून ठेवलं. कुंदाला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

जुलैमध्ये एका सकाळी शारजाच्या रस्त्यावर अपघात होऊन गाड्या तुंबल्या. बस उशिरा, मेट्रोत चेंगराचेंगरी, एक हात वरच्या दांडीला आणि दुसऱ्यात भाजीची पिशवी. पोत काढायची राहिली ती राहिलीच. घरात शिरून तिनं ओढणी कमरेला खोचली, गॅसवर भाजी टाकून कणीक मळायला घेतली आणि समोर मिहिका.

"मावशी, हे काय? यू गॉट मॅरिड?"

आईची आठवण म्हणून घातली, असं काहीही सांगता आलं असतं. बाईला थापा येत नव्हत्या असं नाही, अर्धं आयुष्य थापांवरच चाललं होतं. पण इतके दिवस त्या पोरीच्या तोंडून त्या परक्या बायांबद्दलची दया ऐकून ऐकून कुंदाचं मन मऊ झालं होतं. तिला वाटलं, ही समजेल. गॅस बंद करून तिनं सगळं सांगितलं, पेजेपासून फेट्यापर्यंत. मिहिकानं तिला कणकेच्या हातांसकट मिठी मारली आणि म्हणाली, तू काहीच चुकीचं केलेलं नाहीस. कुंदाला असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. त्या दिवशी तिनं पोरीसाठी गुळाच्या पोळ्या केल्या, भर उन्हाळ्यात. घरी कुणाला सांगू नकोस, एवढं मात्र बजावलं, आणि मिहिकानं ते पाळलं. आईबापाला एक अक्षर कळू दिलं नाही. पोरीच्या बाजूनं हे सांगायलाच हवं.

त्याच सुमारास वैभवीला स्थळ आलं. वैभवी देवरुखच्या पतसंस्थेत कामाला. मुलगा वेदांग, चिपळूणचा, शाळेत शिक्षक, निर्व्यसनी, स्वतःचं घर. दोघांनी एकमेकांना बघितलं आणि दोघंही लाजली म्हणे. कुंदाला तर आभाळ ठेंगणं झालं. हीच एक गोष्ट तिनं देवाकडे मागितली होती, की पोरीच्या लग्नात आपण तिच्या मागं उभं राहावं. बापाविना वाढलेली, आईलाही वर्षाआड महिनाभर बघणारी पोर, तिच्या लग्नात तरी आई हवी. तिनं स्वतःसाठी अबोली रंगाची साडी घेऊन ठेवली. तीनशे दिरहम, म्हणजे सात हजाराची साडी घेतली म्हणून स्वतःलाच दोन दिवस शिव्याही घातल्या.

आपल्याकडे स्थळ पसंत पडलं की चौकशी होते. मुलीची, मुलीच्या आईची, आईच्या माहेरची. मुलगी आजोळी वाढलेली, आई परदेशात, तेव्हा मुलाकडच्यांना दुबईतल्या कुणाचा तरी शब्द हवा होता. कुंदानं मोठ्या हौसेनं स्मिताताईंचा नंबर दिला. मॅनेजर बाई, सुशिक्षित, तिच्या शब्दाला वजन. स्मिताताईही म्हणाल्या, अगं देईन की सर्टिफिकेट, त्यात काय.

व्हॉट्सॲपवरून दुबईत फोन लागत नाही, तिथं बंदी आहे, पण आवाज रेकॉर्ड करून पाठवता येतो. मुलाच्या आत्यानं तसा निरोप पाठवला. तो आला तेव्हा स्मिताताई घरूनच काम करत होत्या, मीटिंग सुरू होणार होती. त्यांनी फोन मिहिकाच्या हातात दिला, म्हणाल्या, कुंदाबद्दल विचारतायत, चांगली आहे, प्रामाणिक आहे असं सांगून टाक, खलास. आणि दार लावून घेतलं. मिहिकानं निरोप ऐकला. आत्याबाई फार गोड बोलत होत्या.

"नमस्कार मॅडम. मुलीबद्दल आमचा प्रश्नच नाही. आईचंच जरा विचारायचं होतं. इतकी वर्षं एकटी बाई परदेशात, इकडे कुणी काहीबाही बोलतं. चारित्र्य चांगलं आहे ना, एवढंच सांगा."

गावाकडे खरं तर कुणी काहीही बोलत नव्हतं. चौकशी करणाऱ्या बायका असा खडा टाकून बघतात, लागला तर लागला. आपल्या गावच्या कुठल्याही पोरीला ते कळलं असतं. मिहिकाला कसं कळणार? तिला वाटलं, यांना सगळं कळलंय आणि आता हे लोक मावशीला नावं ठेवतायत. सबंध उन्हाळा ती ज्यावर लिहीत होती तेच तिच्या समोर येऊन उभं राहिलं होतं, आणि तेही तिच्या मावशीबद्दल. ती चिडली. आणि चिडून, आपल्या मोडक्या मराठीत, तिनं मावशीची बाजू घेतली.

रविवारी दुपारी महादूनं तो आवाज कुंदाला पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं. कुंदा तांदूळ निवडत होती, वासुदेव बादलीत कपडे बुडवत होता. तिनं फोन ताटाशेजारी ठेवला आणि बटण दाबलं.

"नमस्कार आंटी, मी मिहिका, स्मिताची डॉटर. कुंदामावशीनं मला वाढवलंय. शी इज द बेस्ट पर्सन आय नो. तुम्ही कॅरेक्टरचं विचारलं म्हणून सांगते. ती वासुदेव अंकलबरोबर राहते, सो व्हॉट? त्यांची वाइफ इंडियात आहे, तरी त्यांना कुणी काही विचारत नाही. मग मावशीला एकटीलाच का विचारता? तिनं काहीच चुकीचं केलेलं नाही. आय ॲम सो प्राउड ऑफ हर."

आवाज कसा गोड! आपण भरवलेल्या तोंडाचा आवाज. कुंदाला आधी नुसतं बरं वाटलं, खरंच, क्षणभर बरंच वाटलं. मग हा आवाज कुणाकुणाच्या फोनवर वाजला असेल ते लक्षात आलं. आत्याच्या. आत्याच्या नणंदेच्या. भावकीच्या ग्रुपवर. देवरुखला पतसंस्थेत. करायला गेली गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ना, तशातली गत.

वासुदेवनं नळ बंद केला. म्हणाला, "मी उद्यापासून कंपनीच्या कॅम्पात राहायला जाऊ का?"

"जेवून जा," कुंदा म्हणाली, आणि निवडलेले तांदूळ धुवायला घेतले. तो गेला नाही. कुठं जातोय.

सोमवारी ती कामावर आली तेव्हा तिनं मिहिकाला एका शब्दानं दुखावलं नाही. तिनं पाठवलेल्या निरोपाचं काय झालं तेवढं सांगितलं. मला वाटलं त्यांना माहिती आहे, मी तुला डिफेंड करत होते, असं म्हणत पोरगी हुंदके देऊन रडली. तिच्या पाठीवरून हात फिरवायचं कामसुद्धा कुंदालाच करावं लागलं. रडणं ऐकून स्मिताताई आल्या आणि त्यांनाही सगळं कळलं. त्या ओरडल्या नाहीत, सुशिक्षित बाई. एवढंच म्हणाल्या, मला आधी विश्वासात घ्यायचं ना कुंदा, मी नीट बोलले असते. पण गणपतीत म्हणाल्या, यंदा नैवेद्याचे मोदक मीच करते, तू पाहुण्यांचे कर. कुंदानं निमूट उकड दोन पातेल्यांत वेगवेगळी काढली. नैवेद्याचे सगळे मोदक फुटले. पाहुण्यांनी पाहुण्यांच्या मोदकांची वाहवा केली, आणि स्मिताताईंनी ती हसून घेतली.

तिकडे लग्न मोडता मोडता राहिलं. वेदांग अडून बसला, करीन तर हिलाच. पोरगा चांगला निघाला हो, त्याबद्दल वाद नाही. मग घरच्यांनी मधला मार्ग काढला. मुलगी आम्ही करून घेतो, पण आईनं मांडवात दिसता कामा नये. आवाज मोजक्या चार घरांपलीकडे गेलेला नाही, बाकी लोकांना सांगू की तिला रजा मिळाली नाही. कन्यादान मामा-मामी करतील. महादूनं हे सांगताना आधी शिव्या दिल्या, मग रडला, मग म्हणाला, तूच बोल काय ते.

कुंदानं वैभवीला फोन लावायला सांगितला. वैभवीनं बोटिमवरून लावला, दुबईत चालतं त्या ॲपवरून. ते खरं आहे का, असं पोरीनं विचारलं नाही. विचारलं असतं तर कुंदानं सांगितलं असतं. वैभवी नुसती म्हणाली, "आई, तू समजून घे ना." कुंदा म्हणाली, "घेतलं." मग दोघी दागिन्यांचं बोलल्या, आणि हिरव्या चुड्यात लाखेच्या बांगड्या घालायच्या की नाही ते.

रजा तर स्मिताताईंनी आपणहून देऊ केली होती, तिकिटासकट. कुंदानं नको म्हटलं.

ऑक्टोबरात मिहिका पुन्हा स्टुलावर येऊन बसली. तिचा निबंध अजून द्यायचा होता. तिला रात्ररात्र झोप लागत नव्हती, चेहरा उतरला होता. म्हणाली, मी शेवट बदलते, त्यात तुझं लिहिते, नाव बदलून, म्हणजे लोकांना कळेल की हे अजून चाललंय.

"नको," कुंदा म्हणाली. "मला नको घालूस त्यात."

"पण व्हाय, मावशी?"

"त्यातल्या बाया सगळ्या मरतात. मला मुलीचं लग्न बघायचंय."

मिहिकानं शेवट बदलला नाही. ते जेवण्याचं वाक्यसुद्धा तिनं खोडून टाकलं, हे तिनं नंतर सांगितलं.

लग्न डिसेंबरात, रविवारी. त्या दिवशी खरं तर कुंदाला सुट्टी, पण खोलीवर वासुदेव होता आणि त्याच्या तोंडाकडे बघत पोरीचं लग्न बघवलं नसतं. ती स्मिताताईंकडे आली. त्या म्हणाल्या, मोठ्या टीव्हीवर लावूया ना. कुंदा म्हणाली, इथं ओट्यापाशीच बरं आहे. तिनं मिक्सरला टेकवून फोन उभा केला. महादूची अट होती, तुझा कॅमेरा बंद ठेव, आवाज बंद ठेव, कुणाला दिसायला-ऐकायला नको. अबोली साडी मात्र ती नेसली होती. कोण बघणार होतं? तरी नेसली होती.

तिकडून मामीनं फोन धरला होता. कधी मांडवाचं छत दिसे, कधी कुणाचा खांदा. अंतरपाट धरला, मंगलाष्टका सुरू झाल्या. कुंदानं वाटीत कुंकू लावून तांदूळ ठेवले होते. मिहिका हळूच येऊन शेजारी उभी राहिली, तेव्हा त्यातले अर्धे कुंदानं तिच्या ओंजळीत घातले. 'शुभमंगल सावधान' झालं की दोघी फोनवर अक्षता टाकत होत्या. तांदूळ काचेवरून घसरून ओट्यावर पडत होते. कुंदाचे डोळे सारखे भरून येत होते आणि ती ते मनगटानं पुसत होती, कारण नाहीतर दिसत नव्हतं. वैभवी काय सुंदर दिसत होती! नाक बापाचं, पण हसणं सगळं कुंदाचं.

माळा घातल्या, फोटो झाले, माणसं पुढं येऊन आहेर देऊ लागली. मामी फोन हातात धरून तशीच वैभवीच्या बाजूला उभी राहिली, बहुतेक फोन चालू आहे हे विसरूनच गेली. गावची एक म्हातारी आली, तिनं वैभवीच्या चेहऱ्यावरून हात फिरवून बोटं मोडली.

"आणि आयस गं? आली नाही?" तिनं विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता मागच्या बाईकडे वळून म्हणाली, "पोटची एकुलती एक पोर, आणि हिला तिकडचा पैसा सुटेना. काय काळीज असतं एकेकीचं."

कुंदाचा हात वाटीतच राहिला. मिहिका फोनकडे झेपावली, तिला आवाज चालू करून सगळं ओरडून सांगायचं होतं. कुंदानं तिचं मनगट घट्ट धरलं आणि मान हलवली.

वैभवी खाली बघत होती. मग तिनं मान वर केली, म्हातारीकडे बघितलं आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तसं नाही हो आजी. खूप यायचं होतं तिला. रजा नाही मिळाली."

कुंदा फोनच्या अगदी जवळ वाकली. आवाज बंद होता, चित्र बंद होतं, तिकडे कुणाला काही पोचणार नव्हतं.

"हो गं बाय," ती म्हणाली, "नाही मिळाली."

पुढची बाई आहेर घेऊन आली आणि मामीनं फोन बंद केला. कुंदानं ओट्यावरच्या अक्षता एका ठिकाणी गोळा केल्या आणि सगळ्यांसाठी चहा टाकला.